निर्दोष शंखाची किंमत

देवघरातील शुभ्र शंख आपल्या नित्य परिचयाचा असतो. परंतु तो एका सागरी गोगलगाईचे कवच आहे, याचे भान क्वचितच राहते. ‘टर्बिनेला पायरम’ हे तिचे शास्त्रीय नाव. तमिळनाडूतील मन्नारच्या आखातात, विशेषतः तूतुकुडी व रामनाथपुरम परिसरात, पाणबुडे पिढ्यानपिढ्या शंख वेचत आले आहेत. पश्चिम बंगालमधील विष्णुपूरच्या कारागिरांची बांगड्यांची कलाही शंखावरच उभी आहे.

याच शंखांचे आकर्षण संग्राहकांनाही असते. त्यांना आकाराने मोठा, कडा न तुटलेला, तुकतुकीत नमुना हवा असतो. किनाऱ्यावर वाहून आलेले कवच मात्र बहुधा लाटांनी झिजलेले आणि फिकट असते. त्यामुळे निर्दोष नमुन्याची मागणी बहुतेक वेळा जिवंत प्राण्याचीच मागणी ठरते.

मोठा शंख म्हणजे प्रजननक्षम प्राणी. मादी मेंढ्याच्या शिंगासारख्या पिळदार अंडकोशात अंडी घालते आणि त्यातून चिमुकले शंख थेट रांगत बाहेर पडतात. प्रवाहाबरोबर दूर जाणारी अळी-अवस्था त्यांच्यात नसते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर एका भागातील बेणे संपले की दुरून नवे बी वाहून येत नाही. म्हणूनच ५७ मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाचे शंख न काढण्याचा तमिळनाडूतील नियम महत्त्वाचा आहे. लहान शंखाला वाढून एकदा तरी अंडी घालण्याची संधी मिळाली, तरच पाणबुड्यांचा रोजगार टिकेल.

काही मोठ्या शंखांना कायद्याचे संरक्षण आहे. ‘कॅसिस कॉर्न्युटा’ आणि ‘कॅरोनिया ट्रायटोनिस’ या प्रजातींचा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत २००१ मध्ये समावेश झाला. यांपैकी दुसरी प्रजाती प्रवाळ खाणाऱ्या काटेरी तारामाशाचे भक्षण करते. तिचे कवच दिवाणखान्यात आले की प्रवाळाचा एक राखणदार कमी होतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी किनारी गावांत व पर्यटकांपर्यंत पुढील बाबी पोहोचवाव्यात :

• कवचात मांसल भाग किंवा तोंडाशी झाकण दिसल्यास ते जागीच ठेवावे.
• रिकाम्या वाटणाऱ्या कवचात संन्यासी खेकडा नाही, याची खात्री करावी.
• अंडकोश उचलू नयेत. उलटलेले दगड पूर्ववत ठेवावेत.
• संरक्षित प्रजातींचे कवच विकत घेऊ नये.

झिजलेल्या शंखालाही सौंदर्य असते. तो जपणाऱ्या संग्राहकामुळे समुद्रातील बेणे शाबूत राहते.