डब्यातले पांढरे दोरे

सकाळी ६.३०. दारात अकरावीतला विद्यार्थी, हातात आइस्क्रीमचा मोठा डबा. आत माती, पालापाचोळा आणि असदगडाच्या बाजूच्या विटांखालून गोळा केलेले वुडलाइस. कुंडी उचलली की खालून पळतात ना, तेच राखाडी चिलखतवाले.

"सर, याच्यात जंत झाले. आजी म्हणते फेकून दे, नाहीतर मुंग्यांची पावडर टाक."

"पावडर नको बावा, वुडलाइसच मरतील आधी. खायला काय देऊन राह्यला?"

"बटाट्याची चकती. रोज."

"अन् पाणी?"

"तेही रोज."

निम्मं निदान उंबरठ्यावरच झालं. डबा ठेवून घेतला.

७.१५. चहा उकळेपर्यंत चकती उलटली. खाली पांढऱ्या दोऱ्यांचा गुंता, एकेक जेमतेम सेंटिमीटरभर. दुधात भिजवलेला पावाचा तुकडा त्याच जागी ठेवला, गुंत्यातले थोडे जंत बाटलीत घेतले आणि डाबकी रोडने कॉलेज गाठलं.

११.००. प्रयोगशाळेच्या काळ्या कडप्प्यावर पाण्याचा थेंब, थेंबात एक दोरा. प्राणी ओळखायचा तर आधी त्याची चाल पाहावी, रंग फसवतो. सूत्रकृमीच्या अंगात फक्त लांबीच्या दिशेचे स्नायू असतात, त्यामुळे त्याला लांब-आखूड होता येत नाही. तो नुसता चाबकासारखा वळवळतो. आमचा पाहुणा मात्र ताणला गेला, मग आखडला, पुन्हा ताणला. भिंगाखाली वळ्या स्पष्ट दिसल्या. बुरशीवर वाढणाऱ्या बारीक माशीची अळी असती तर एका टोकाला काळं चकचकीत डोकं दिसलं असतं. इथे दोन्ही टोकं फिकी, पाय नाहीत. म्हणजे एन्किट्रिड, गांडुळाचाच छोटा भाऊबंद. कुजकं, ओलं, आंबट मिळालं की हे वाढतात. जित्या वुडलाइसना यांच्यापासून धोका नाही.



४.००. घरी गांडूळखत करणारे शेजारी बाटली बघून म्हणाले, "सर, हे तं गांडुळाचे पिल्लं!" खताच्या ढिगातही हाच घोटाळा होतो. गांडुळाच्या पिल्लात भिंगाने लाल रक्तवाहिनी दिसते. यांचं रक्त बहुधा बिनरंगी.

५.३०. तो अकरावीतला मुलगा आला. त्याला दुसरीच काळजी: एक वुडलाऊस मागून पांढरा, पुढून राखाडी. "हा मरून राह्यला काय?" नाही, कात टाकतोय. आधी मागचा अर्धा भाग, काही दिवसांनी पुढचा. मुलगा बराच वेळ त्याच्यावरच वाकून बसला, जंत विसरला. अशी पोरं मला आवडतात.

मग काम. वुडलाइस कीटक नव्हेत, खेकडा-झिंग्यांच्या जातीचे. श्वासाची इंद्रियं पोटाखाली, त्यांना ओल लागतेच. पण चिखल नको. अर्धा डबा ओला, अर्धा कोरडा ठेवायचा. झाकणाला आणखी भोकं. बटाटा बंद, मुख्य जेवण वाळका पाला. अंड्याच्या टरफलाची पूड टाकली: आंबटपणा उतरतो आणि वुडलाइसना कवचासाठी चुना मिळतो.

८.३०. पाव उचलला, खालून पांढराशुभ्र झालेला. जंत संपले नाहीत, पण आठवडाभर रोज असा पाव लावला की आटोक्यात येतील. आजचे फेकायचे नव्हते. मागच्या हौदात डासांसाठी गप्पी सोडले आहेत. पाव झटकताच त्यांची झुंबड उडाली.