सकाळची नीरा, दुपारची ताडी

विरारच्या चंदनसारपासून थेट पालघर-डहाणूपर्यंत ताडाची झाडं. उन्हाळ्यात घरातली गरोदर सून विचारते, "नीरा घेतली तर चालेल?" नीरेत दारू नसते, हे खरं, पण झाडावरून ताजी उतरते तेव्हाच. मडक्याला आतून चुना लावतात तो आंबणं रोखायला. ऊन चढलं की यीस्ट साखरेचं अल्कोहोल करू लागतं आणि काही तासांत ताडी होते. फेस, आंबूस वास, जिभेवर चुरचुर आली की हात आखडता घ्यावा. शिवाय नीरा उकळलेली नसते, म्हणजे जंतूंची भीती वेगळीच.

बाटलीतल्या 'नॉन-अल्कोहोलिक' बिअरची गोष्ट निराळी. आपल्याकडच्या नियमांत ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलेलं पेय मद्य ठरत नाही. म्हणून लेबलवर '०.०' आहे का, ते बघा. अल्कोहोल नाळेतून बाळापर्यंत पोचतं आणि गरोदरपणात त्याचं सुरक्षित प्रमाण कुणालाच सांगता आलेलं नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला ०.५ टक्क्याचा धोका नगण्य. दुधातलं प्रमाण रक्ताइतकंच असतं आणि रक्ताबरोबरच ओसरतं. गरोदर बाईने मात्र शहाळं घ्यावं. ताडाचंच खायचं असेल तर ताडगोळे आहेतच, फक्त धुऊन, ताजे सोललेले घ्या.