याला जरा समजावा, मॅडम

सकाळी नऊ

जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. ओपीडी उघडण्याआधीच बाक भरलेला असतो. आलेली मुलं बहुतेक गणवेशात असतात, कारण इथून सुटलं की थेट शाळेत सोडायचं, असा पालकांचा हिशेब. शाळा बुडत नाही आणि शेजारी विचारत नाहीत. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत झाले, केस पेपरलाही पैसे पडत नाहीत. तरी तो केस पेपर भाजीच्या पिशवीत, मेथीच्या जुडीखाली दडवून आणणाऱ्या आया मी पाहते. (पुढच्या मुलांचे वय, इयत्ता, घरचे तपशील बदलले आहेत.)

साडेनऊ

चौथीतला मुलगा, सोबत आईवडील. वडिलांनी फाईल टेबलावर ठेवली. सोनोग्राफी, रक्त, लघवी, सगळं झालंय. "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. म्हणजे नाटकंच ना? याला जरा समजावा, मॅडम."

हे वाक्य मी रोज ऐकते. मुलाचं पोट खरंच दुखतं. भीतीने आतड्याला पीळ पडतो, तो सोनोग्राफीत दिसत नाही इतकंच. मी आईला विचारलं, कोणत्या दिवशी दुखतं? "रविवारी कधीच नाही," ती म्हणाली आणि स्वतःच थांबली. आजीने दृष्ट काढून पाहिली होती, देवऋष्याकडेही नेऊन आणलं होतं. त्यावरून मी कुणाला बोलत नाही. त्या बिचाऱ्यांनी जमेल ते केलेलं असतं.

आईवडिलांना बाहेर बसवलं. मुलगा बुटाची वेल्क्रोची पट्टी उघडत होता, लावत होता, पुन्हा उघडत होता. पोटाचा विषय काढायचा नाही, असं मी ठरवलं होतं. ल्युडो मांडला. त्याच्या दोन सोंगट्या घरात गेल्यावर पट्टीचा चर्र आवाज थांबला. मग फाशाकडे बघतच म्हणाला, "पाढा चुकला की बाई सगळ्यांना हसायला लावतात."

शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शाळेत मुलाला मारायलाच नव्हे, मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे. हे 2009 सालचं. मी मुख्याध्यापकांना चिठ्ठी देते म्हटल्यावर वडील दचकले. "शाळेत कळलं तर पोराच्या नावावर शिक्का बसेल." पाऊण तास याच एका गोष्टीवर गेला. शेवटी ठरलं की चिठ्ठीत निदान लिहायचं नाही, वर्गात पाढे एकट्याला उभं करून विचारू नयेत एवढीच विनंती करायची. शाळा बंद ठेवायची नाही. घरी ठेवलं की त्या दिवसापुरतं पोट थांबतं आणि भीती वाढते. उद्यापासून मधल्या सुट्टीपर्यंत जायचं, पुढच्या आठवड्यात पूर्ण वेळ.

सव्वाअकरा

सहावीतली मुलगी, 'अभ्यासात लक्ष नाही' म्हणून आणलेली. वही पाहिली. 'घर'चं 'धर', 'भात'चा 'मात', वेलांट्या मनाला येतील तशा. तोंडी विचारलं तर इतिहासाचा अख्खा धडा सांगते. आज तिची बुद्धिमापन चाचणी घेतली. नागपूरच्या मॅलिन यांनी भारतीय मुलांसाठी बसवलेली ही चाचणी आम्ही अजून वापरतो. अध्ययन अक्षमतेचा संशय पक्का झाला, तर प्रमाणपत्रासाठी पुढे पाठवीन. दहावीला राज्य मंडळ जादा वेळ देतं आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या अक्षमतेला जागा आहे. आईला मात्र एवढंच ऐकायचं होतं : "म्हणजे ती मठ्ठ नाही ना?"

नाही.

एक

समोरच्या खोलीतल्या मानसोपचारतज्ज्ञांशी दोन केसवर बोलले. गोळ्या ते लिहितात, मी नाही. चाचण्या आणि बोलण्यातून उपचार माझ्याकडे. पालकांची इथे हमखास गफलत होते. बाहेर 'समुपदेशक' अशी पाटी कुणीही लावतं, म्हणून खासगीत जाणाऱ्यांना मी सांगते, शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, तेही विचारा. विचारल्यावर जो चिडेल, त्याच्याकडे जाऊ नका.

मग डबा. गवार होती.

दोन

नववीतली मुलगी. आईला सोबत बसायचं होतं. मी नाही म्हटलं. सुरुवातीलाच मुलीला नियम सांगितला : इथलं बोलणं मी आईबाबांना सांगणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका वाटला, तर सांगेन. कुणी लैंगिक त्रास देत असेल, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने मला ते कळवावंच लागतं, आणि तेव्हाही आधी तुझ्याशी बोलेन. मुलं हा नियम फार नीट ऐकतात. न पाळता येणारं वचन देणारी मोठी माणसं त्यांना भरपूर भेटलेली असतात.

तिला झोप नाही, जेवण कमी, मैत्रिणींशी बोलणं बंद. मी सरळ विचारलं, "मरून जावं असं मनात येतं का?" असं विचारल्याने नसलेला विचार मुलांच्या डोक्यात घुसत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून जीव हलका होतो. ती बराच वेळ रडली. मग हो म्हणाली.

पुढचं सगळं तिला सांगूनच केलं. आईला आत घेतलं, डॉक्टरांना दाखवलं, घरात काय हाताशी ठेवायचं नाही ते समजावलं, रात्री कुणी सोबत झोपायचं ते ठरवलं, परवाची तारीख दिली. आई आधी म्हणत होती, "हिला कशाची कमी आहे हो?" जाताना तिने तो प्रश्न विचारला नाही.

साडेचार

नोंदी. दोन मुलं ठरलेल्या तारखेला आली नाहीत, घरी फोन केले. एका बापाने 'आता बरा आहे' म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या घरी आजीने उचलला आणि नातवाला घेऊन सोमवारी स्वतः येते म्हणाली.

तुमच्या घरातलं मूल दोन आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, शाळेचं नाव काढताच आजारी पडत असेल, तर परीक्षा संपायची वाट पाहू नका. 14416 या टेलिमानसच्या नंबरवर चोवीस तास, फुकट आणि मराठीत बोलता येतं. रुग्णालयात येणार असाल तर आईवडील दोघंही या, आणि कुठे चाललोय ते मुलाला घरूनच खरं सांगून आणा.