गाडी कधी सेल्फ घेते, कधी घेत नाही : जुन्या पिकअपचा एक हिशेब

कापडाच्या धंद्यात मालाइतकेच महत्त्व गाडीला असते, पण ती अडल्याशिवाय ही गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला माल पोचविणाऱ्या लहान व्यापाऱ्याला नवी गाडी परवडत नाही. दहा-बारा वर्षे चाललेली डिझेल पिकअप घ्यायची, आठ वर्षांवरच्या गाडीचे दरवर्षी पासिंग करून घ्यायचे आणि चालेल तोवर चालवायची, हाच आपल्यापैकी बहुतेकांचा रिवाज. अशी गाडी साफ बंद पडली तर त्रास एका दिवसाचा असतो; ओढून मिस्त्रीकडे नेता येते. खरा त्रास त्या गाडीचा, जी सकाळी चावी फिरवताच सुरू होते, दुपारी भर रस्त्यात सेल्फ घेत नाही आणि मिस्त्री येईपर्यंत पुन्हा चालू झालेली असते.

२०२३ च्या उन्हाळ्यात माझ्या पिकअपने हाच खेळ मांडला. एप्रिल-मे म्हणजे शाळेच्या गणवेशाचा हंगाम. जूनच्या मध्यात शाळा उघडतात, त्याआधी ताके शिंप्यांच्या हाती पडले पाहिजेत. लातूरला गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथल्या गर्दीत सकाळी माल उतरवून मोकळे व्हावे, अशी माझी पद्धत. पण ड्रायव्हरचा फोन अहमदपूरहून येई, "सेठ, गाडी सेल्फ घेईना." अर्ध्या-पाऊण तासाने दुसरा फोन, "निघाली." लातूरचा शिंपी चार कारागीर बसवून मालाची वाट पाहत असे. त्या कारागिरांना रोज नगावर मिळतो. माल दुपारी आला तर त्यांचा अर्धा दिवस रिकामा गेला, हे उघड आहे.

आपण जे करतो तेच मी केले. आधी साडेपाच हजारांची नवी बॅटरी घातली. आठ दिवस गाडी ठीक चालली, पुन्हा तेच. मग सेल्फ उतरवून कार्बन आणि बुश बदलले. मग चावीचा स्विच. प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये गाडी पहिल्या चावीला सुरू होई, मिस्त्री हसून म्हणे, "काही नाही सेठ, गाडी झकास आहे." सरतेशेवटी माझ्या मनात आले की दोष गाडीत नसून माणसात आहे. ड्रायव्हर अहमदपूरला जेवून झोप काढत असणार आणि नाव गाडीचे सांगत असणार. मी त्याचा तीन दिवसांचा भत्ता कापला. तो काही बोलला नाही. सात वर्षे त्याच्या हाती मी माझा माल आणि उधारीची वसुली सोपवीत आलो होतो.

तरी एक गोष्ट त्याने स्वतःहून केली. शाळकरी पोराची वही घेऊन तो गाडीत लिहू लागला : कुठे थांबलो, किती वेळ थांबलो, चावी फिरवल्यावर काय झाले. पंधरवड्याने ती वही त्याने माझ्या गादीवर आणून ठेवली. आपण व्यापारी लोक, आकड्यांची रांग दिसली की वाचतोच. वाचल्यावर दिसले की सकाळी एकदाही तक्रार नव्हती. लोह्याला माल उतरवायला पाच मिनिटे थांबलो की तक्रार नाही. अहमदपूरला वीस-पंचवीस मिनिटे थांबले की तक्रार, तीही रोज नव्हे, ऊन कडक असेल त्या दिवशी. आणि प्रत्येक नोंदीपुढे एकच शब्द : "टक".

त्या वीस मिनिटांचे कारण मला नंतर कळले. चालत्या इंजिनाला पाणी आणि पंखा थंड ठेवतात. इंजिन बंद केले की दोन्ही थांबतात आणि आतली उष्णता बॉनेटखाली साठून राहते. त्यामुळे गाडी थांबल्यावर काही वेळ सेल्फ आणि त्याच्या वायरी चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापतात. तांबे तापले की त्याचा विजेला होणारा विरोध वाढतो, दर अंशाला शेकडा ०.४ च्या आसपास. सांधा आधीच गंजलेला असेल तर तापल्यावर त्याची उरलीसुरली पकडही सुटते. तासाभराने गार झाला की पुन्हा जुळतो. गॅरेजमध्ये गाडी नेहमी गार होऊनच पोचत होती!

पुढच्या खेपेला मी स्वतः गाडीत बसलो. अहमदपूरला पंचवीस मिनिटे थांबलो. चावी फिरवली. टक. पुन्हा टक. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. जवळच्या एका वायरिंगवाल्या उस्तादांना बोलावून आणले. वय साठीपुढचे, हातात एक साधे मीटर आणि खांद्यावर जाड केबल. त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे, "इंजिन गार होऊ देऊ नका, आता आहे तसेच पाहू द्या." माझ्या तीन महिन्यांच्या खर्चात हे वाक्य एकाही मिस्त्रीने म्हटले नव्हते.

गाडी न्यूट्रलमध्ये घालून, हँडब्रेक ओढून त्यांनी हेडलाईट लावायला सांगितले आणि चावी फिरवली. दिवे जराही मंद झाले नाहीत. दिवे एकदम मेले असते तर संशय बॅटरीवर किंवा तिच्या टर्मिनलवर, किंवा आत जाम झालेल्या सेल्फवर गेला असता. दिवे लख्ख आणि आवाज काहीच नाही, असे असते तर चावीच्या स्विचकडून सेल्फच्या सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर पाहावी लागली असती. इथे दिवे लख्ख होते आणि "टक" ही येत होती. म्हणजे चावीचा हुकूम सोलेनॉइडपर्यंत पोचत होता, पण मोठा करंट सेल्फमधून वाहत नव्हता. एक तर सोलेनॉइडच्या आतले कॉन्टॅक्ट जळलेले, नाही तर करंटच्या येण्या-जाण्याच्या जाड वाटेत कुठे तरी अडथळा.

मग त्यांनी मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरली, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि चावी फिरवायला सांगितले. चांगल्या गाडीत तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. आमचा आला ३.४. बारा व्होल्टांपैकी सव्वातीनहून जास्त परतीच्या वाटेवरच बुडत होते! त्यांनी जाड केबलचे एक टोक निगेटिव्हला आणि दुसरे थेट इंजिनाला लावले. "आता मारा." गाडी अर्ध्या चक्करमध्ये सुरू झाली.

दोष होता तो इंजिनाला चेसीसशी जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. दोन वर्षांपूर्वी क्लच प्लेटसाठी काम काढले होते, तेव्हा ती पट्टी खाली पडलेली; जोडताना बोल्टखालचा गंज आणि रंग कोणी खरवडला नव्हता. वरून पाहता पट्टी धडधाकट होती. सोलल्यावर आत तांब्याची हिरवी पूड निघाली. उस्ताद म्हणाले, "ॲक्सिलरेटरची केबल कधी जाम झाली होती का?" दोनदा झाली होती, आम्ही दोन्ही वेळा नवी घातली होती. अर्थिंग तुटली की करंट परतीसाठी दुसरी वाट धरतो, कधी ॲक्सिलरेटरच्या तर कधी क्लचच्या केबलमधून. ती तापते, आतून करपते आणि अडकते. हा धागा आमच्यापैकी कोणी जोडला नव्हता.

आमच्या उर्दू शाळेत विजेच्या विरोधाला "मुजाहमत" आणि करंटला "बर्की रौ" म्हणत. दोन्ही शब्द पाठ होते, गुणही मिळाले होते. अर्थ मात्र पन्नाशी ओलांडल्यावर अहमदपूरच्या रस्त्यावर कळला. ज्या जर्मन शिक्षकाने १८२७ मध्ये हा नियम छापला, तो ओहम हा एका कुलूप बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा होता. त्याचा हिशेब दुकानदारालाही करता येतो. अशा गाडीचा सेल्फ २०० अँपिअर किंवा अधिक ओढतो. सांध्यात ओहमचा फक्त शंभरावा भाग विरोध असला तरी २०० गुणिले ०.०१, म्हणजे २ व्होल्ट तिथेच गेले. हेडलाईटचा एक बल्ब ५ अँपिअरच्या आसपास घेतो. तेवढ्याच विरोधावर त्याचे नुकसान व्होल्टच्या विसाव्या भागाइतके, डोळ्याला दिसणारसुद्धा नाही. म्हणून "दिवे तर चांगले लागतात" एवढ्यावरून वायरिंग पास करू नये. आमच्या गाडीत तर दिव्यांची वाट इंजिनावरून जातच नव्हती.

व्यापारी बांधवांनी तीन-चारशे रुपयांचे मीटर गाडीत ठेवावे. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरताना आकडा १० च्या फार खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावा. नसल्यास अल्टरनेटर पाहा. टर्मिनल उघडताना निगेटिव्ह आधी काढा आणि जोडताना शेवटी जोडा, म्हणजे पाना बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. गिअरमध्ये असलेल्या गाडीचा सेल्फ पेचकसाने कधीही शॉर्ट करू नये. गाडी अंगावर येते.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन धरत नाही, ही तक्रार अगदी वेगळी आहे. तिथे बॅटरी आणि सेल्फवर पैसे घालू नयेत. डिझेलच्या पाइपात हवा शिरली असेल, फिल्टरमध्ये पाणी असेल किंवा पंपावरचा डिझेल बंद करणारा सोलेनॉइड अडकत असेल. रात्रभर उभी राहिल्यावरच त्रास होत असेल आणि हातपंप मारल्यावर गाडी धरत असेल, तर हवाच समजावी. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधी तरी.

नवी पट्टी, दोन बोल्ट आणि मजुरी मिळून साडेचारशे रुपये झाले. दोन्ही टोकांचे लोखंड चमकेपर्यंत घासून, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावले. मीटर पुन्हा धरले तेव्हा आकडा ०.२ आला. त्या वर्षीच्या उरलेल्या खेपांत एकदाही फोन आला नाही.

नांदेडला परतल्यावर मी ड्रायव्हरचा कापलेला भत्ता काढून त्याच्यापुढे ठेवला आणि चूक माझी होती असे म्हणालो. त्याने पैसे मोजले आणि म्हणाला, "सेठ, एक दिवस कमी आहे." मी खातेवही उघडली. कापलेले दिवस तीन नव्हते, चार होते.