जोखमीचे गणित – भाग ६ : उत्तर तपासणार कोण?

गेल्या आठवड्यात आपण ब्रिटनची ‘इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टी ऑफ अ‍ॅक्च्युअरीज’ आणि अमेरिकेची ‘सोसायटी ऑफ अ‍ॅक्च्युअरीज’ या दोन संस्थांच्या परीक्षांचा आराखडा पाहिला. याच परीक्षा पुण्यातून, नैरोबीतून किंवा दुबईतून देणारे उमेदवार काही थोडे नाहीत. परदेशी विमा कंपन्यांचे हिशेबाचे काम आता पुणे, गुरुग्राम, बंगळुरूत बसून होते आणि त्या कामाला परदेशी पदवीचे वजन लागते. या उमेदवारांची तक्रार ठरलेली असते : धड क्लास नाहीत, शिकवणारी माणसे नाहीत, साहित्य परकीय चलनात घ्यावे लागते. तक्रार खोटी नाही, पण तिचा रोख चुकतो असे मला वाटते. ब्रिटनमध्येसुद्धा या परीक्षा बहुतेक जण नोकरी सांभाळून, घरी स्वतः अभ्यास करूनच देतात. दूरच्या उमेदवाराला खरा तोटा होतो तो उत्तरे तपासून देणारा कोणी नसल्याने, आणि हा तोटा सगळ्या पेपरांत सारखा नसतो.

सुरुवातीचे पेपर घेऊ. अमेरिकन संस्थेची संभाव्यतेची पहिली परीक्षा तीन तासांची, ३० बहुपर्यायी प्रश्नांची आणि संगणकावर द्यायची असते. पास की नापास याचा प्राथमिक निकाल उठण्याआधीच पडद्यावर दिसतो. तिच्यासाठी शेकडो सराव-प्रश्न उत्तरांच्या फोडीसह संस्थाच विनामूल्य देते. गणित सोडवले, उत्तर पर्यायाशी जुळले नाही, की चूक कुठे झाली हे शोधायला फोड समोर असते. ब्रिटिश आराखड्यातल्या ‘सीएस’ (संख्याशास्त्र) आणि ‘सीएम’ (गणित) या पेपरांचेही बरेचसे असेच आहे. ‘सीएस’च्या संगणकीय भागाला लागणारी ‘आर’ ही प्रणाली फुकट मिळते, जुन्या प्रश्नपत्रिका आणि परीक्षकांचे अहवाल खुले असतात. शिवाय आपल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडिया’चा अभ्यासक्रम ब्रिटिश आराखड्याला इतका जवळचा आहे की पेपरांची नावेही तीच आहेत, आणि तिच्या जुन्या पेपरांची नमुना-उत्तरेही वाचायला मिळतात. इथे अडचणी येतात त्या बारक्या, पण चटका देणाऱ्या. अमेरिकन परीक्षेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या कॅल्क्युलेटरची ठरावीक मॉडेलेच चालतात. आपल्या इंजिनीअरिंगच्या मुलांचा हात बसलेला कॅसिओ चालत नाही. हे आधी कळले तर महिनाभरात नव्या यंत्रावर हात बसतो. एकूणात, या टप्प्यावर महागड्या क्लासची फी भरणे मला अनाठायी वाटते.

गाडी अडते ती पुढे, ब्रिटिश परीक्षांतल्या ‘सीपी१’सारख्या लेखी पेपरांपाशी. समजा प्रश्न असा आला : ‘एका विकसनशील देशातली छोटी विमा कंपनी पहिल्यांदाच आरोग्य विमा आणते आहे. हप्ता ठरवताना माहितीच्या बाबतीत कोणत्या अडचणी येतील? गुण ८.’ तयारी केलेला उमेदवार लिहितो : माहिती अचूक हवी, पूर्ण हवी, ताजी हवी, सुसंगत हवी, नाहीतर हप्ता चुकेल. यातले एकही वाक्य चूक नाही. पण या पेपरांत एकेका वेगळ्या मुद्द्याला बहुधा अर्धा गुण असतो आणि तो मुद्दा प्रश्नातल्या कंपनीला लागू करून दाखवावा लागतो. कंपनी नवी, म्हणून स्वतःच्या दाव्यांचा इतिहास नाही. सरकारी रुग्णालयांचे आकडे मिळतील, पण विमा घेणारा वर्ग खासगी रुग्णालयात जाणारा असेल. शहरातल्या खर्चावरून खेड्यातला अंदाज बांधता येणार नाही. परदेशी पुनर्विमा कंपनीकडून आकडे घ्यावेत, तर तिथले आजार आणि उपचारांचे दर वेगळे. विमा मिळाला की लोक दवाखान्यात जास्त जातील, आणि ती वाढ जुन्या आकड्यांत दिसणार नाही. असे सोळा-अठरा मुद्दे निघू शकतात. पहिल्या उमेदवाराच्या पदरात आठपैकी जेमतेम दोन गुण पडतील, आणि निकालानंतरही आपण बरोबर लिहिले होते अशीच त्याची समजूत राहील. परीक्षक आपल्या अहवालांमध्ये खेपेमागून खेप हेच गाऱ्हाणे मांडतात की उमेदवार पुस्तकातले सर्वसाधारण मुद्दे उतरवतात, विचारलेल्या परिस्थितीकडे पाहत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, नमुना-उत्तर छापलेले आहे, ते वाचून ज्याने त्याने आपली चूक ओळखावी. पण स्वतःला जोखण्यात माणूस फार कच्चा असतो, याला पुरावा आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हापुन्हा वाचला, काहींनी तो वाचून न पाहता आठवून लिहिला. आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात कितीतरी जास्त राहिले होते. मात्र ‘आपल्याला हे आठवेल’ याची खात्री पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक होती. नमुना-उत्तर वाचतानाही हाच धोका असतो. मुद्दा डोळ्यांखालून जातो, ओळखीचा वाटतो, आणि ‘हे मला येतच होते’ म्हणत आपण आपल्याच वहीत अर्धा गुण टाकतो. तिऱ्हाइताला तसा मोह होत नाही, कारण त्याला वहीत लिहिले आहे तेवढेच दिसते.

ब्रिटनमधल्या उमेदवाराला हा तिऱ्हाईत बहुधा कचेरीतच भेटतो. तिथल्या कंपन्या शिकाऊ माणसाला अभ्यासाची पगारी रजा देतात, फी भरतात, सरावाच्या पेपरांच्या तपासणीचा खर्चही उचलतात. शेजारच्या टेबलावरचा वरिष्ठ याच वाटेने गेलेला असतो. शिवाय कामातून नकळत शिक्षण होते ते वेगळेच. महागाईशी जोडलेले सरकारी रोखे ब्रिटनने १९८१ पासून काढले. पेन्शन फंडाची देणी त्यांच्याशी जुळवणे हे तिथल्या नवशिक्याचे रोजचे काम. आपल्याकडे २०१३ मध्ये असे रोखे आणून पाहिले, पण बाजार रुजला नाही, त्यामुळे आपल्या मुलाला ते पुस्तकातच भेटतात. (उलट नफ्यातल्या सहभागाची पॉलिसी आणि तिचा बोनस समजावायला आपल्याकडे कोणाला कष्ट पडू नयेत, एलआयसीने ते शिक्षण घरोघरी दिले आहे.) म्हणजे ‘सोय’ हा शब्द आपण क्लासपुरता वापरतो, पण त्यात वेळ, पैसा, अनुभव आणि तपासनीस असे सगळे येते.

विद्यापीठाच्या पदवीवर काही पेपरांतून सूट मिळते, मग एवढे अडते कुठे, असाही एक आक्षेप असतो. पण ही सूट मुख्यतः सुरुवातीच्या पेपरांची असते, म्हणजे घरी बसून होण्यासारख्या पेपरांची. जिथे आधार लागतो तिथे ती सहसा पोचत नाही. दुसरा आक्षेप जास्त कडवा : हा व्यवसायच असा आहे की जो एकट्याच्या बळावर टिकेल त्यालाच पुढे येऊ द्यावे. एकट्याने झुंजण्याची ताकद परीक्षेने जरूर पारखावी. पण तपासणीचे पैसे एकाला कंपनी देते आणि दुसऱ्याला परकीय चलनात खिशातून मोजावे लागतात, तेव्हा त्या चाळणीतून ताकदीबरोबर ऐपतही गाळली जाते. ब्रिटिश संस्था कमी उत्पन्नाच्या सभासदांना शुल्कात सवलत देते, तीही ही गोष्ट जाणूनच असणार. सवलत फीपाशी न थांबता तपासणीपर्यंत जायला हवी होती, एवढेच माझे म्हणणे.

तोवर काय करायचे? तीन-चार जणांनी एकत्र येऊन एकमेकांच्या वह्या परीक्षकांच्या अहवालातील मुद्द्यांशी ताडून पाहाव्यात, हा उपाय मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवण्यासारखे हे नाही का? काही अंशी आहे. बरोबरीच्या विद्यार्थ्याला युक्तिवादाची खोली जोखता येणार नाही, आणि अहवालाबाहेरचा एखादा चांगला मुद्दा तो नाकारेलही. पण मुद्दा लिहिला आहे की नाही, आणि तो प्रश्नातल्या कंपनीबद्दल आहे की कोणत्याही कंपनीला चालेल, एवढे सांगायला अ‍ॅक्च्युअरी असावे लागत नाही. आठपैकी दोन गुण मिळवणाऱ्याची चूक नेमकी एवढीच होती. नियम एकच पाळावा : वही ज्याची त्याने तपासायची नाही. आणि खिशातून तपासणीसाठी पैसे घालायचे झाले तर ते सुरुवातीच्या पेपरांवर न उधळता ‘सीपी१’साठी राखून ठेवावेत. भारतात परदेशी कंपन्यांचे काम करणाऱ्या कचेऱ्यांनाही एक विनंती : फीची रक्कम परत देता तसा वरिष्ठांचा महिन्यातून एक तास वह्या तपासायला द्या.

परीक्षकांचे अहवाल ब्रिटिश संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. कोणत्याही क्लासची फी भरण्याआधी मागच्या दोन खेपांचे अहवाल वाचा आणि त्यातला एक प्रश्न वेळ लावून सोडवून दुसऱ्याच्या हाती द्या. पुढच्या आठवड्यात मृत्युदराची कोष्टके कशी तयार होतात ते पाहू.