भिजलेली चिपाडे आणि संध्याकाळचा ताप

दौंडकडच्या गुऱ्हाळांवर चिपाडांचे आणि शिरूरच्या गोठ्यांजवळ कडब्याचे ढीग असतात. भिजलेला ढीग आतून तापतो व त्यात उष्णतेत वाढणारे बुरशीसारखे सूक्ष्म जीव माजतात. ढीग उपसताना त्यांची धूळ फुफ्फुसात खोल जाते. त्रास लगेच होत नाही. ४ ते ८ तासांनी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला व धाप सुरू होते. म्हणूनच त्याला साधा फ्ल्यू समजतात. चिपाडांमुळे झालेल्या या विकारास बगॅसोसिस म्हणतात. काम थांबविल्यास एक-दोन दिवसांत बरे वाटते, ढिगाकडे परतताच पुन्हा तेच. वर्षानुवर्षे असे चालल्यास फुफ्फुसे कडक होतात, ती पूर्ववत होत नाहीत. प्रतिजैविकांचा यावर उपयोग नाही. धूळ टाळणे हाच मुख्य उपचार. स्टेरॉइड डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. ढीग उपसल्याचे डॉक्टरांना आपण होऊन सांगा, ते विचारतीलच असे नाही.

चिपाडे, कडबा पूर्ण वाळवून उंचवट्यावर रचावा व झाकावा. बुरशी आलीच तर वाऱ्याकडे पाठ करून उपसा व एन-९५ मुखपट्टी वापरा. उपरणे पुरत नाही. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास मात्र क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.