दहा बिट आणि सतरा हजार खोल्या

यूट्यूबवर दर मिनिटाला ५०० तासांचे व्हिडिओ चढवले जातात. कंपनीनेच काही वर्षांपूर्वी सांगितलेला हा आकडा इतक्या वेळा छापून आलाय की डोळे त्यावरून घसरून पुढे जातात. म्हणून जरा कागद-पेन्सिल घेऊन बसू. मिनिटाला ५००, तर तासाला ३० हजार तास. दिवसाला ७ लाख २० हजार तास, म्हणजे ३० हजार दिवस, म्हणजे ८२ वर्षं. फक्त आज चढलेलं सगळं पाहून संपवायचं, न झोपता न जेवता, तर बारशाला बसावं लागेल आणि सहस्रचंद्रदर्शन उरकल्यावर उठावं लागेल. उठून मागे बघाल तर तोवर साडेचोवीस लाख वर्षं पुरेल एवढा ऐवज तुंबलेला असेल.

हे झालं चढवण्याचं. पाहण्याचा हिशेब आणखी विलक्षण आहे. यूट्यूब रोज १०० कोटी तास पाहिलं जातं असं कंपनीने २०१७च्या फेब्रुवारीत जाहीर केलं. शंभर कोटी तास म्हणजे १ लाख १४ हजार वर्षं. माणसाला शेती जमून जेमतेम बारा हजार वर्षं झालीत. त्याच्या नऊपट काळ जग एका दिवसात, एकाच ॲपवर बसून काढतं. आणि हा आकडा रील्स आणि शॉर्ट्स यायच्या आधीचा.

आपण भारतीय यात मागे नाही. ३१ डिसेंबर २०१९ला व्हॉट्सॲपवरून जगभरात १० हजार कोटी संदेश गेले. त्यातले २ हजार कोटी एकट्या भारतातले. तान्ह्या बाळापासून अंथरुणाला खिळलेल्या आजोबांपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला पंधराएक शुभेच्छा आल्या. सेकंदाला एक या वेगाने कुणी त्या वाचायला घेतल्या, तर ६३४ वर्षं लागतील. उत्तर पाठवायचा वेळ यात धरलेला नाही.

आता या पुराच्या तोंडाशी जे उभं आहे त्याचं माप घेऊ. अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेच्या जियू झेंग आणि मार्कस मायस्टर या दोघांचा एक निबंध २०२४च्या अखेरीस ‘न्यूरॉन’ नियतकालिकात आला. आपली ज्ञानेंद्रियं सेकंदाला सुमारे १०० कोटी बिट गोळा करतात आणि माणूस त्यातून प्रत्यक्ष विचार करतो, निर्णय घेतो, तो वेग सेकंदाला सुमारे दहा बिट. टायपिंग असो, बोलणं असो, बुद्धिबळ असो, आकडा दहाच्या आसपासच घुटमळतो. दहा की वीस यावर शास्त्रज्ञ खुशाल भांडोत. समोर शंभर कोटी असताना त्याने काय बिघडतं?

दहा बिट म्हणजे किती हे कळायला आपल्याच मुंबईतलं एक जुनं यंत्र बरं पडतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६०मध्ये टिफरॅक नावाचा संगणक चालू झाला. त्याची मुख्य स्मृती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा, एकूण ८१,९२० बिट. माणूस सोळा तास जागा राहिला तर दहाच्या वेगाने दिवसभरात ५ लाख ७६ हजार बिट विचार करतो. सात टिफरॅक झाले. आजच्या मापात सांगायचं तर ७२ केबी. सकाळी सहाला मावशींकडून येणारं गुलाबाचं फूल आणि ‘शुभ प्रभात’ बहुतेक वेळा याहून जड असतं.

ऐंशी वर्षं रोज सोळा तास असा विचार केला तर सगळं आयुष्य भरतं २.१ जीबी. आणि नोकियाच्या अहवालाप्रमाणे २०२४मध्ये भारतातला मोबाइल इंटरनेट वापरणारा माणूस महिन्याला सरासरी २७.५ जीबी वापरत होता. तेरा जन्मांचा विचार, दर महिन्याला. (खरं तर ही तुलना थोडी लबाड आहे. व्हिडिओचे बहुतेक बिट रंग आणि ठिपके दाखवण्यातच जातात, त्यांना विचार म्हणत नाहीत. पण म्हणूनच ती करून बघावीशी वाटते.) सरकारी आकड्यांनुसार २०१४मध्ये हाच वापर महिन्याला ६२ एमबीच्या आसपास होता आणि एक जीबीला सुमारे २६९ रुपये पडत. आता तो दहा रुपयांच्या आत मिळतो. दहा वर्षांत वापर काहीशे पटींनी वाढला. डोकं मात्र तेच राहिलं, दहा बिटांचं.

शंभर कोटी आत येतात आणि दहा उरतात, म्हणजे मेंदूचं मुख्य काम चाळण्याचं आहे. हे काम बघायचं असेल तर हिवाळा सरता सरता ओहोटीला मुंबईतल्या माहुलच्या खाडीवर जावं. शिवडी-माहुलच्या चिखलात तेव्हा रोहित पक्षी उतरलेले असतात. ठाणे खाडीत त्यांची संख्या लाखाच्या वर गेल्याचं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मोजणीत दिसलंय. मागे रिफायनरीच्या चिमण्या आणि टाक्या, पुढे काळा गाळ आणि त्यावर गुलाबी रेघ. दुर्बिणीतून एकच पक्षी धरून ठेवला की गंमत कळते. डोकं उलटं, वरची चोच खाली. जीभ दट्ट्यासारखी पुढेमागे होते, छोट्या रोहितात सेकंदाला वीसेक वेळा. पाणी आत ओढलं जातं, बाहेर फेकलं जातं, आणि चोचीच्या कडांवरच्या हजारो बारीक पट्ट्यांत शेवाळ तेवढं अडकतं. तासन्‌तास हेच. गाळ कमी करण्याच्या भानगडीत तो पक्षी पडत नाही. चाळणी त्याची स्वतःची आहे.

त्याची वेळही ठरलेली आहे, पाणी उतरलं की. ही वेळ काढायचं कोळ्यांचं गणित पाऊणकीचं. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. तिथून सव्वासहा तास मोजले की ओहोटी. मिनिटांचा फरक पडतो, पण होडी काढायला तेवढं पुरतं. एवढ्या अफाट समुद्राचा हिशेब दहा बिटांच्या डोक्यात मावेल असा कुणीतरी करून ठेवला. मला तर हा या लेखातला सगळ्यात अचाट आकडा वाटतो.

आपली चाळणी मात्र आपण दुसऱ्याच्या हाती दिलीय. पुढे काय दिसावं हे फीड ठरवतं आणि फीडला तळ नाही. पान संपलं की थांबायचं, ही वाचणाऱ्याची जुनी सवय मोडली ती २००६मध्ये. आझा रॅस्किन या डिझायनरने न संपणारं पान तयार केलं. बोट सरकवत राहा, खालून नवं येत राहतं. पुढे त्यानेच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. ग्लोरिया मार्क या संशोधक माणसं पडद्यावर एका ठिकाणी किती वेळ टिकतात ते वर्षानुवर्षं मोजत आल्या आहेत. २००४मध्ये सरासरी अडीच मिनिटं, २०१२मध्ये ७५ सेकंद, अलीकडे ४७ सेकंद. सत्तेचाळीस सेकंद म्हणजे दहाच्या हिशेबाने ४७० बिट. तेवढ्यात या परिच्छेदाच्या शेवटापर्यंत पोचता आलं तरी पुष्कळ.

यावर उपाय सांगणाऱ्यांची कमी नाही. नोटिफिकेशन बंद करा, पडदा काळा-पांढरा करा, आणि सगळ्यात लाडका सल्ला: फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. हा सल्ला घेऊन माहुलच्या प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतीत जाऊन बघा. ७२ इमारती, १७,२०५ खोल्या, एकेक २२५ चौरस फुटांची. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या तोडल्या तेव्हा माणसं इथे आणून टाकली. दुसरी खोली? ओटा, मोरी, पलंग, टीव्ही, तीन-चार माणसं आणि तितकेच फोन, सगळं त्याच २२५ फुटांत. दहावीच्या मुलीने आपला फोन बंद केला तरी भावाचं रील चालूच, आईची मालिका चालूच आणि वडील गावाकडे व्हिडिओ कॉलवर, तोही स्पीकरवर. इथे एकट्याने मन आवरून काही साधत नाही.

आणि हे माहुलइतकं कुणाला ठाऊक असणार? रिफायनरींमुळे खराब झालेल्या इथल्या हवेचा प्रश्न कुणी आपापली खिडकी लावून सोडवायला गेलं नाही, कारण तो तसा सुटतच नाही. माणसं हरित लवादाकडे गेली, उच्च न्यायालयात गेली, २०१८च्या ऑक्टोबरपासून विद्याविहारला रस्त्यावर बसून राहिली. २०१९मध्ये न्यायालयाने सरकारला सांगितलं, या कुटुंबांना दुसरीकडे राहायला महिना १५ हजार भाडं द्या. सगळ्यांच्या नाकात शिरणारी गोष्ट सगळ्यांनी मिळूनच अडवावी लागते. लक्ष विचलित होणं ही याच जातीची गोष्ट आहे. आपण मात्र तिला प्रत्येकाचा खाजगी आळस समजून बसलोय.

मुंबईला हे पूर्वी कळत होतं. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत आठ-दहा माणसं असायची. तिथे अभ्यास होईना म्हणून पोरं वरळीच्या एका शांत रस्त्यावर, दिव्याखाली जाऊन बसायला लागली. त्या रस्त्याला पालिकेने दिलेलं नाव वेगळंच आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या लोक त्याला अभ्यास गल्लीच म्हणतात. तिथून डॉक्टर, वकील, अधिकारी निघाले. ती मुलं घरी बसलेल्या मुलांपेक्षा जास्त मनोनिग्रही होती असं मला वाटत नाही. तिथे शेजारचाही पुस्तकात डोकं घालून बसलेला असायचा, एवढंच.

हीच युक्ती सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने अख्ख्या गावासाठी केली. करोनाच्या काळात शाळा फोनवर आली, नंतर शाळा उघडली तरी फोन काही मुलांच्या हातून सुटेना. २०२२च्या १४ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, गावातल्या महिलांची सभा बोलावली आणि भोंगा घ्यायचं ठरलं. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन सांगत फिरले. तेव्हापासून संध्याकाळी सातला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतले टीव्ही-फोन बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा, पुन्हा चालू. सुरुवातीला लोक हसले. सरपंच विजय मोहिते आणि मंडळींनी हसू दिलं आणि भोंगा वाजवत राहिले. ही कल्पना पुढे फिरत गेली. बेळगावजवळच्या हलग्याने डिसेंबर २०२४मध्ये सात ते नऊ असे दोन तास धरले. तिथेही भोंगाच.

वडगावची वस्ती तीन हजारांच्या घरात. प्रत्येकाचे दीड तास धरले तर रोज साडेचार हजार तास. वर्षाला सोळा लाखांहून जास्त, म्हणजे १८७ वर्षं. यूट्यूबच्या शंभर कोटी तासांपुढे हे सव्वादोन लाखांत एक भाग पडतं. गूगलच्या कुठल्याही आलेखात तो खड्डा दिसणार नाही. गावात मात्र दिसतो: त्या दीड तासात शेजारच्या घरातून वाचण्याचा आवाज येतो, आणि आपल्या मुलाला ‘सगळे बघतात, मीच का नको’ असं म्हणायला जागा उरत नाही.

माहुलला भोंग्याचा अर्थ वेगळा आहे. ८ ऑगस्ट २०१८ला भारत पेट्रोलियमच्या रिफायनरीत स्फोट झाला, चाळीसहून जास्त कामगार जखमी झाले, आजूबाजूच्या खिडक्या हादरल्या. अशा ठिकाणी सातला भोंगा वाजवला तर लोक पुस्तक उघडणार नाहीत, जिन्याकडे धावतील. शिवाय सतरा हजार खोल्यांचं एका वेळी एकमत व्हायचं म्हणजे महापालिकेची निवडणूक परवडली.

पण एका इमारतीचं होऊ शकतं. १७,२०५ भागिले ७२, म्हणजे इमारतीमागे २३९ खोल्या. बऱ्याच रिकाम्या राहिल्या आहेत हे मला ठाऊक आहे, पण भरलेल्या धरून चालू. खोलीमागे एकच माणूस मोजला, प्रत्येकाचा दीड तास, तरी एका संध्याकाळी ३५८ तास होतात, म्हणजे पंधरा दिवस. वर्षभर टिकलं तर एका इमारतीचे जवळजवळ पंधरा वर्षांचे तास परत आले. भोंगा नको असेल तर जिन्यात एक घंटा पुरेल. अडचण एवढीच की सातला मालिका लागते आणि रिमोट ज्यांच्या हातात असतो त्यांना कुणी विचारलेलं नसतं. वडगावने आधी त्यांचीच सभा घेतली होती.